भांड्यावर रंगवलेला आकडा

११ मार्च

थोरल्या,

हा पत्ता तुझ्या त्या चष्म्याच्या दुकानवाल्या मित्राकडून घेतला. द्यायला तयार नव्हता. मी त्याच्या बाकावर बसून राहिलो, गिऱ्हाईकं माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा त्याने कागदावर लिहून दिला. त्याच्यावर रागावू नकोस. पत्ता बरोबर आहे की नाही कोण जाणे. नुसता खोलीचा नंबर आहे, घरमालकाचं नाव नाही. पत्र भलत्याच्या हातात पडलं तर काय, म्हणून यात मी फारसं काही लिहिणार नाही.

घरी ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळतो. गॅस बंद आहे ना हे मी झोपण्याआधी दोनदा बघतो. सून म्हणते पाचदा. तू जेवतोस ना? गोळी घेतोस ना रक्तदाबाची? ती डबी इथेच राहिलीय, खिडकीत. तिकडे नवी घेतलीस की नाही?

कारखान्याचे वकील येऊन गेले. चांगले बोलले. धाकट्याच्या फोटोला नमस्कारही केला. मग कागद काढला. त्यात लिहिलंय की कापड रंगवायच्या बंद भांड्याचं झाकण धाकट्याने ठरलेल्या वेळेच्या आधी उघडलं, म्हणून आतलं उकळतं पाणी वाफेसकट अंगावर आलं आणि तो गेला. खाली त्याच्या जोडीदाराचा, त्या लंबूचा, अंगठा आहे. त्याच्या खाली एक सही आहे. वकील म्हणाले, ही तुमच्या मोठ्या मुलाची, कारखान्याच्या इंजिनिअरची. मी चष्मा पुसून पाहिली. सहीच्या शेवटी तू शाळेपासून ती रेघ ओढतोस, तशी ओढलेली आहे.

त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

आता माझी बाप म्हणून आणि सुनेची बायको म्हणून सही झाली की चौकशी बंद होईल. नाही झाली तर प्रकरण कोर्टात जाईल. "मग तुमच्या मोठ्या मुलाचं काय होईल, ते मी सांगायला नको," असं वकील म्हणाले. मी म्हटलं, "सांगा की." तर म्हणाले, "आजोबा, चहा छान झालाय."

सून दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं करू. दोघंही तुमचेच." आणि आत गेली. पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत मुदत दिलीय.

माझा वेळ जात नाही म्हणून आपल्या शाळेतल्या गणिताच्या बाईंकडे जायला लागलोय. त्याही आता निवृत्त झाल्यात, घरीच असतात. त्यांचा फळा मी इतकी वर्षं पुसला, पण वर काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. शिपायाने वाचायचं नसतंच, पुसायचं असतं.

पत्र मिळालं एवढं तरी कळव.

बाबा


२० मार्च

थोरल्या,

तुझं उत्तर नाही. टपालवाला म्हणतो परत आलं नाही म्हणजे पोचलं. तो असं सगळ्यांनाच म्हणतो.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बाईंकडे मी वेळ घालवायला जात नाही. दवाखान्याच्या जिन्यात तू माझा हात धरून जे बोललास, ते मला कळलं नव्हतं. तू म्हणालास, "बाबा, तीस परत मिळवायचे राहिले. बाकी सगळं बरोबर होतं. तीस तेवढे राहिले." मला वाटलं तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. मी तुला पाणी आणायला खाली गेलो, वर आलो तेव्हा तू नव्हतास. तेव्हापासून दिसला नाहीस.

ते तीस काय, हे मला कळून घ्यायचं होतं.

बाईंना म्हटलं, "गरम वस्तू गार होते तिचं गणित शिकवा." त्या म्हणाल्या, "मामा, या वयात? नातवंडांना शिकवायचंय की काय?" मी हो म्हटलं. "तुम्हाला कुठे आहेत नातवंडं?" म्हटलं, "होतील." तेवढ्यात त्यांना धाकट्याचं आठवलं असावं. मग पाटी घेतली. फळा नाही त्यांच्या घरी.

मला समजलं तसं लिहितो. चुकलं तर हसू नकोस.

गरम वस्तू किती वेगाने निवते, ते ती किती गरम आहे यावर नसतं. भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त गरम आहे यावर असतं. वस्तूच्या तापमानाला बाई य म्हणतात. हवा तीस अंशांची धरली, तर य कमी होण्याचा वेग हा य वजा तीस याच्या प्रमाणात. वेग आणि वस्तू अशी एकाच ओळीत आली की त्याला अवकल समीकरण म्हणतात. यात पहिलाच वेग येतो, वेगाचा वेग येत नाही, म्हणून हे पहिल्या कोटीचं. हे सोपं, असं बाई म्हणाल्या. मला घाम फुटला होता.

ते तीस मध्ये लुडबुडतात म्हणून गणित पुढे जात नाही. मग काय करायचं, तर य वजा तीस या सगळ्या लटांबराला एक नवं नाव द्यायचं. व म्हणायचं. तीस काही हलत नाहीत, त्यामुळे य जेवढ्या वेगाने उतरतो तेवढ्याच वेगाने व उतरतो. आता ओळ सरळ झाली. व कमी होण्याचा वेग वच्याच प्रमाणात. म्हणजे शंभराचे पन्नास व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच पन्नासाचे पंचवीस व्हायला लागतो. बाईंनी त्याचा तक्ता लिहून दिला. त्यावरून मला वेळ काढता येतो, बोट ठेवून.

पुस्तकात याला प्रतिस्थापन म्हणतात. बाई म्हणाल्या, "मामा, आपण बदली म्हणू. मी रजेवर गेले की बदली बाई यायची ना वर्गावर? तसा हा व. काम त्याच्याकडून करून घ्यायचं. पण मी परत आले की हजेरीपट माझ्या हातात. शेवटी वला उठवायचं आणि यला बसवायचं. कार्टी नेमकं तेच विसरतात. सगळं गणित बरोबर आणि उत्तर वमध्येच ठेवून मोकळी."

मी विचारलं, "मग तुम्ही काय करायच्या?"

"काय करणार? अर्धे मार्क द्यायचे."

मग त्यांनी मला चहाच्या कपाचं गणित घातलं. चहा नव्वद अंश, खोली तीस, पन्नास अंशांवर कधी येईल? मी व केला. नव्वदाचे साठ करून घेतले. तक्त्यावर बोट ठेवून साठाचे पन्नास कधी होतात ते काढलं आणि पाटी पुढे केली. बाईंनी पन्नासाभोवती गोल केला. "मामा, सुरुवात बदललीत आणि शेवट तसाच ठेवलात. चहा पन्नास म्हणजे व वीस."

मला हसूच आलं. थांबेना. बाई घाबरल्या, आतून पाणी आणलं. त्यांना काय सांगू? पोरा, मी तीच चूक केली. तुझीच. शिकायला बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

घरी येऊन तुझ्या भांड्याचं केलं, आकडे वकिलांच्या कागदात होते. आत एकशे तीस, शेडमध्ये तीस, म्हणजे व शंभर. हे तू बदललंस. झाकण ऐंशीला उघडायचं, म्हणजे व पन्नास. हे बदलायचं राहिलं. शंभराचे ऐंशी व्हायला पन्नास मिनिटं. शंभराचे पन्नास व्हायला अडीच तासांच्या वर. तू भांड्यावर लाल रंगाने पन्नास मिनिटं असं लिहून घेतलंस. पन्नास मिनिटांनी तुझा व ऐंशी होता, पण आतलं पाणी एकशे दहा होतं. झाकणाने दाबून धरलं होतं म्हणून गप्प होतं.

विसरलास. विसरतं माणूस. थर्मामीटर बंद होता, मालक नवा देत नव्हता, तू तीनदा मागितलास, हे तू जेवताना सांगायचास. घड्याळावर काम चालवा म्हणून त्यांनीच सांगितलं. हे सगळं तू येऊन सांग. मी तुझ्या शेजारी उभा राहीन.

बाबा


२ एप्रिल

थोरल्या,

लंबूला भेटून आलो. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले आहेत, एक अंगठा तेवढा मोकळा. बायको भरवते. मला बघून उठायला लागला, मी बसवलं.

मी म्हटलं, "मला भांडायचं नाही. फक्त सांग, धाकट्याने झाकण लवकर उघडलं का?"

तो म्हणाला, "काका, गोगलगाय कधी कशाच्या आधी पोचलीय का?"

कारखान्यात धाकट्याला गोगलगाय म्हणायचे, हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत असेल. घरी मी त्याला त्याहून वाईट म्हणायचो.

लंबूने सांगितलं ते तसंच लिहितो. पन्नास मिनिटं झाली. लंबू म्हणाला, चल उघडू. धाकटा चहा पीत बसला होता. म्हणाला, "दादाने पन्नास सांगितलेत, आपण साठ करू. घाई कुठे आहे? दादा बघायला आला तर त्यालाही बरं वाटेल." म्हणून आणखी दहा मिनिटं थांबले. मग धाकटा उठला. लंबू बाजूला होता म्हणून हातांवर निभावलं.

मी तक्त्यात पाहिलं. साठ मिनिटांनीही आत शंभराच्या वरच होतं.

"मग अंगठा का दिलास?" मी विचारलं. त्याने बांधलेले हात वर केले. "या हातांना दुसरीकडे कोण काम देणार? आणि तुमच्या इंजिनिअर साहेबांची सही आधीच झालेली होती. म्हटलं, सख्खा भाऊ लिहून देतोय, आपण कोण?"

मला राग आला नाही. त्याच्या बायकोने चहा दिला, तो पिववेना.

पण थोरल्या, हे पत्र त्यासाठी नाही. लंबूने निघताना एक सांगितलं. भांड्याला नवं झाकण बसवलंय. थर्मामीटर अजून नाही. आणि लाल रंगातला तो आकडा तसाच आहे. पन्नास. मी म्हटलं, "पुसला का नाही?" तो म्हणाला, "काका, कसा पुसतील? पुसला तर का पुसला म्हणून विचारतील. आकडा बरोबर होता आणि गोगलगाय घाईत होती, असं लिहून दिलंय ना वर." पुढच्या आठवड्यात भांडं परत चालू होणार. दोन नवी माणसं घेतलीत, बाहेरची. त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही. जुने लोक त्या भांड्याकडे फिरकत नाहीत.

तू एक ओळ लिही मॅनेजरला. अडीच तासांच्या वर ठेवा, एवढीच. कारण लिहू नकोस हवं तर. चौकशी, सह्या, सगळं राहू दे बाजूला. एवढं कर. आजच्या टपालाने कर.

बाबा


९ एप्रिल

थोरल्या,

तुझं पत्र आलं. अक्षर तुझंच आहे म्हणून आधी बरं वाटलं.

"बाबा, सही करा. एक गेला, दुसरा घालवू नका. आकड्याचं मी बघतो, प्रकरण मिटलं की."

एवढंच. खाली नाव नाही, रेघही नाही.

मी ते खिशात ठेवून दोन दिवस फिरतोय. तुझं म्हणणं बरोबर आहे असं सकाळी वाटतं. धाकट्याला आता काय फरक पडतो? लोक म्हणतील घाईने मेला. म्हणोत. तू वाचशील. मी काल पेनही हातात घेतलं. कागदावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर आहे, ते वकिलांना दिसेलच. तिथेच हात थांबला.

प्रकरण मिटलं की, असं तू लिहितोस. भांडं सोमवारपासून चालू झालंय. लंबूच्या बायकोकडून कळलं. ती नवी दोन माणसं रोज घड्याळ बघून झाकणाजवळ जातात. कधी आत एकशे तीसच्या ऐवजी एकशे दहाचं काम असतं, मग पन्नास मिनिटांत ते शंभराच्या खाली येतं आणि काही होत नाही. पुन्हा एकशे तीसचं काम आलं की होईल. कधी येईल ते कोणाला माहीत?

सुनेला तुझं पत्र दाखवलं. दाखवायला नको होतं. तिने वाचून घडी घातली आणि परत दिलं. मग बराच वेळ कपडे वाळत घालत होती. आत येऊन म्हणाली, "बाबा, स्वतःच्या लग्नाला तासभर उशिरा आला होता तो. आठवतं? तुम्ही सगळ्यांची माफी मागत फिरत होतात. त्या माणसाला घाईने मारतायत हे लोक." मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तर म्हणाली, "मला वाटून काय? मला तुमच्या मोठ्या मुलाचं तोंड बघायचं नाही. पण सही करा म्हणालात तर करीन. तुमचा एकच उरलाय." आणि मग ती रडली. धाकटा गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर.

तू काही वेडंवाकडं करशील, अशी मला भीती वाटते. ते तू लिहिलं नाहीस. पण बापाला वाचता येतं. म्हणून मी तुला आधी सांगतोय, मागून कळायला नको.

मी सही करणार नाही.

माझी बाजू ऐक. त्या कागदात तुझ्या जागी धाकट्याला ठेवलंय. त्याने सगळं कसं सोपं झालं. वकील खूश, मालक खूश, तूही सुटलास. पण मग त्याला तिथेच ठेवून उठायचं? आणि त्याच्या नावाखाली तो आकडा भांड्यावर राहणार. मला नाही जमत. मी जास्त शिकलेला नाही, मला एवढंच कळतं की हे उत्तर नाही.

सोमवारी सकाळी मी चौकशीच्या कचेरीत जाणार आहे. जिन्यात तू काय बोललास ते सांगणार आहे. लंबू काय म्हणाला ते तो स्वतः सांगेल तर सांगेल, त्याला मी भरीला घालणार नाही. तोवर चार दिवस आहेत. तू आपल्या पायांनी आलास, तर मला तोंड उघडावं लागणार नाही. तू बोललास तर थर्मामीटरचंही बाहेर येईल, मालकालाही उत्तर द्यावं लागेल. मी बोललो तर थर्मामीटरचं ऐकीव ठरेल, फक्त तू अडकशील. हे मला कळतंय. कळत नाही असं समजू नकोस.

घरमालकाचा नंबर त्या चष्मेवाल्याने दिलाय. मी रोज त्यांना फोन करतो आणि तुमच्याकडे खोली मिळेल का म्हणून विचारतो. ते म्हणतात, "सगळ्या भरलेल्या आहेत." म्हणजे तुझीही भरलेली आहे. एवढं ऐकून फोन ठेवतो.

ये रे. मी स्टँडवर थांबेन.

बाबा


१७ एप्रिल

थोरल्या,

तू आला नाहीस. मी स्टँडवर शेवटच्या गाडीपर्यंत होतो.

सोमवारी जाऊन सांगितलं. सून बरोबर आली होती, बाहेर बसली. चौकशीचे साहेब माझ्याहून अर्ध्या वयाचे. त्यांच्याकडे त्यांचा गणिताचा माणूस आहे. त्याने मी सांगितला तसा तुझा हिशेब मांडून पाहिला, चहा संपायच्या आत मान हलवली. साहेबांनी विचारलं, "याने तुमच्या मुलाला अटक होईल. समजतंय ना?" मी समजतंय म्हटलं. माझी जीभ इतकी कोरडी पडली होती की ते "काय?" म्हणाले. मला परत म्हणावं लागलं. एकदा म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

भांडं बंद केलंय. दारावर सील लावलं. तेवढं त्याच दिवशी झालं.

लंबूने अंगठा मागे घेतला नाही.

पोलीस येतील. लांब बाह्यांचा शर्ट घाल, तिकडे डास असतील. गोळ्या खिशात ठेव आणि त्यांना सांग की या रोज लागतात. दार वाजलं की तूच उघड. थर्मामीटर तीनदा मागितलास, ते पहिल्याच दिवशी सांग. नंतर सांगितलं तर खरं मानत नाहीत.

आज घरमालकाने फोन उचलला नाही.

बाबा


३१ मे

थोरल्या,

हे तुरुंगाच्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. आत द्यायला सांगितलंय. देतील असं म्हणाले.

वकील मी लावलाय, साधाच आहे. तो म्हणतो, तू काहीच बोलत नाहीस. थर्मामीटरचंही नाही. माझ्यावरचा राग असा काढू नकोस. मालकाला फुकट सोडशील. माझ्यावर आयुष्यभर राग धर, पण तेवढं बोल.

सही केली नाही त्याची माफी मागायला मी आलेलो नाही. तू तशी वाट बघत असशील तर सांगून ठेवतो. माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही. जेवण जात नाही. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, सवयीने लिहिलं गेलं.

सून आली नाही. तिने दोन शर्ट धुऊन, इस्त्री करून दिले. धाकट्याचे आहेत, तुला होतील.

खिडकीवरच्या माणसाने माझं नाव लिहून घेतलं. मग प्रकरणाचा नंबर बघून विचारलं, "मेलेल्याकडचे की आतल्याकडचे?"

मी म्हटलं, "दोन्हीकडचा."

तो म्हणाला, "बाबा, इथे एकच लिहितात. मागे रांग आहे."

मी म्हटलं, "मग आतल्याकडचा लिहा."

त्याने लिहिलं. मी बसलो. माझ्यानंतर आलेल्यांना हाका मारून झाल्या. शेवटी एक शिपाई आला. तोंड चुकवत उभा राहिला. मीही शिपाईच होतो, निरोप वाईट असला की माणूस कसा उभा राहतो ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "काय झालं? बरा आहे ना?"

तो म्हणाला, "नाही येत म्हणतोय."

म्हणतोय म्हणजे बोलतोय. मी त्याला परत विचारलं, "तोच म्हणाला? त्याच्या तोंडाने?" तो म्हणाला, "हो, जोरात म्हणाला."

मला तेवढं पुरलं. शनिवारी परत येतो.

बाबा